गुडघेवाली

आजारी पडायला अक्कल लागत नाही, आजारी असल्याचं नाटक करायला मात्र लागते. अर्धं आयुष्य लोकांच्या चादरी इस्त्री करण्यात गेल्यावर मला हे कळलं. दर शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या बायका वस्तीच्या हॉलमध्ये जमून आजारी पडायच्या. एकीला खोकला, एकीला चक्कर, माझ्या पोटात कळ, आणि माझ्या जाऊबाईंचे गुडघे. शेवटी चहा आला की सगळ्या ठणठणीत.

झालं असं, की मेडिकल कॉलेजची पोरं आमच्या वस्तीत यायला लागली होती. टेबल मांडायची, दंडाला पट्टा बांधून फसफस हवा भरायची, भिंतीवर भाज्यांची चित्रं लावायची आणि भाज्या खा म्हणून सांगायची. पहिल्या खेपेला हॉल भरला, दुसऱ्या खेपेला अर्धा, आणि तिसऱ्या खेपेला पेशंटपेक्षा डॉक्टरच जास्त. त्यांच्या मॅडम मोठ्या हुद्द्याच्या, पण बाई साधी. आमच्यात येऊन खाली सतरंजीवर बसल्या आणि सरळ विचारलं, "तुम्ही का येत नाही?"

सगळ्या अळीमिळी गुपचिळी. माझ्या जिभेला मात्र हाड नाही. मी म्हटलं, "मॅडम, पोरं तुमची हुशार आहेत, पण त्यांना उत्तर ऐकायची सवय नाही. आम्ही तोंड उघडेपर्यंत ती पुढच्या प्रश्नावर गेलेली असतात. सांगायचं ते घशातच राहतं. मग आम्ही घरी जाऊन एकमेकींना सांगतो. तिथे रांगही नसते."

मला वाटलं, बाई आता उठून जातील. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग शिकवा ना त्यांना."

असं ते सुरू झालं. मॅडम प्रत्येकीला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगायच्या. तू अमुक बाई, तुला अमुक दुखतं, अमुक दिवसांपासून. पोरांना त्यातलं काही ठाऊक नसायचं. त्यांनी समोर बसून विचारायचं, आम्ही त्या बाईचं दुखणं सांगायचं, आणि नंतर आम्ही त्यांना सांगायचं की बाबा, तू असं विचारलंस तेव्हा मला बोलावंसं वाटलं, आणि तसं विचारलंस तेव्हा उठून जावंसं वाटलं. पोरं पहिल्यांदा लाजली, मग सरावली. आम्ही तर लाजलोच नाही. आमची शिलाईवाली शेजारीण अशी खोकायची की एका पोरानं घाबरून खरंच पाणी आणलं.

पोरांची नावं काही आमच्या लक्षात राहत नसत, म्हणून आम्ही ठेवली. एक गोल चेहऱ्याची पोरगी होती, चष्मा सारखा नाकावर घसरायचा. प्रश्न विचारताना ती पेशंटकडे बघायची, लगेच वहीकडे, परत पेशंटकडे, परत वहीकडे. शिलाईवाली माझ्या कानात म्हणाली, "ही बघ टेबलफॅन. वारा लागतो न लागतो तोच तोंड फिरवते." झालं, ते नाव पडलं ते पडलंच. त्या बिचारीला पत्ता नव्हता.

सगळं विचारून झालं की शेवटी 'आणखी काही?' असं विचारायचं, हे त्यांच्या पुस्तकातच होतं. टेबलफॅनसुद्धा विचारायची, पण कसं, तर दुकानदार शटर ओढता ओढता विचारतो तसं. एका शनिवारी जाऊबाई तिला म्हणाल्या, "पोरी, आधी ते पेन खाली ठेव. मग विचार. आणि मग थांब."

"किती थांबू, मोठ्या काकू?"

"मी बोलेपर्यंत."

सगळ्या हसल्या. टेबलफॅन हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं, विचारलं आणि थांबली. पहिल्यांदा तिचा हात दोनदा पेनाकडे गेला, पण थांबली. पुढे पुढे तिला ते असं जमायला लागलं की तिच्यासमोर माझ्या पोटातल्या खोट्या कळेलाही खऱ्यासारखी किंमत यायची.

आता जाऊबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांची आहे. मी आपली मधे मधे बोलते.

आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या. थोरले भावजी गेल्यापासून त्या आमच्यातच. मूलबाळ नाही. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच मांडीवर वाढली, आणि अजूनही घरात आली की आधी 'मोठी आई कुठंय' विचारतात, मग माझ्याकडे जेवायला मागतात. स्वयंपाकघर एक, स्वभाव दोन. मी उतू जाणारी, त्या कधी उकळी न फुटणाऱ्या. मी दिवसभर बोलते ते त्या एका 'हं' मध्ये मिटवतात. इतक्या वर्षांत आमचं भांडण झालं नाही, कारण भांडायला दोघी लागतात.

कामालाही आम्ही एकाच लाँड्रीत. लॉजच्या चादरी येतात, एका प्रसूतिगृहाच्या येतात. मी इस्त्रीच्या रोलरवर, त्या डागांच्या टेबलावर. यंत्रात टाकायच्या आधी तिथे एकेक चादर उजेडात धरून बघायची असते. चहाचा डाग वेगळा, तेलाचा वेगळा, रक्ताचा वेगळा. रक्ताला गरम पाणी लावलं की ते कापडात कायमचं बसतं, त्याला थंडगार पाणीच लागतं. हे आमच्याकडे काल आलेल्या पोरीलाही ठाऊक असतं. मी हे उगाच सांगत नाही.

दवाखान्याशी जाऊबाईंचं फार जुनं वैर. लग्नानंतर मूल होईना, म्हणून त्या एकदा मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. भिंतीला लागून बाक, बाकावर बायका-पुरुष गच्च बसलेले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता मोठ्यानं विचारलं, पाळी कधी आली, नवऱ्याजवळ कधी असता. बाकावरच्या एका माणसानं वाचता वाचता पेपर खाली केला आणि त्यांच्याकडे बघितलं. बस्स. त्या तशाच मागे फिरल्या. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. त्यानंतर स्वतःसाठी म्हणून त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. दुसऱ्यांसाठी चढल्या. माझ्या पोरांच्या तापाला, भावजींच्या शेवटच्या दुखण्याला, शिलाईवालीच्या बाळंतपणाला. लोकांच्या उशाशी बसून त्यांची पाठ वाकली, पण स्वतःचं काही दुखलं तर तोंडाला कुलूप.

अशी बाई गुडघेवाली झाल्यावर फुलली. मॅडमनी फक्त गुडघे दिले होते आणि जिना दिला होता. जाऊबाईंनी तिला भाजीची गाडी दिली, दुपारपर्यंत लोळणारा मुलगा दिला, आणि एक जाऊही दिली. एका पोरानं विचारलं, "घरात कोण कोण असतं?" तर म्हणाल्या, "एक जाऊ आहे. जीभ तिखट. पण पोटात काही ठेवत नाही, बिचारी." हॉलमध्ये हशा पिकला. मी मान खाली घालून सतरंजीचे धागे मोजायला लागले. मग घरीसुद्धा ते चालू झालं. चहा ओतताना मला म्हणायच्या, "गुडघेवालीला आज साखर जास्त टाक. तिची जाऊ कंजूष आहे." चारचौघांत हसणाऱ्या जाऊबाई मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मला ती गुडघेवाली आवडायला लागली होती.

आणि मग तो शनिवार आला. त्या दिवशी मॅडम पोरांना गुण देणार होत्या, म्हणून सगळी इस्त्रीचे कपडे घालून आलेली. टेबलफॅनच्या वाट्याला गुडघेवाली आली. आम्ही बाकीच्या भिंतीला टेकून बसलो. पोरीनं चांगलं विचारलं. जिना चढताना दुखतं की उतरताना, सकाळी जास्त की संध्याकाळी, गाडी ढकलायला कोणी मदत करतं का. जाऊबाईही रंगात होत्या. मग तिनं पेन खाली ठेवलं, चष्मा वर सारला आणि विचारलं, "आणखी काही?"

आणि थांबली.

जाऊबाई नेहमी इथे म्हणायच्या, "नाही बाळा, एवढंच." त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. टेबलफॅन हलली नाही. जाऊबाई आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "तिच्या अंगावरून जातं."

"कोणाच्या?"

"गुडघेवालीच्या. पाळी जाऊन किती वर्षं झाली. आता परत जातंय. लाल."

"कधीपासून, काकू?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

टेबलफॅननं पुढचं सगळं हळू आवाजात विचारलं, पुढे वाकून, आम्हाला नीट ऐकू जाणार नाही असं. संपल्यावर मॅडम टाळ्या वाजवत उठल्या. "वा! गोष्टीत हे नव्हतं. पण किती महत्त्वाचं घातलंत तुम्ही! पोरांनो, बघितलंत? थांबलं की काय मिळतं ते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अशी चूक आमच्याकडेच होऊ शकते. बाई इतकं झकास नाटक करायची, की ती खरं बोलली तेव्हा आम्ही तिला टाळ्या दिल्या.

टेबलफॅननं टाळ्या वाजवल्या नाहीत. चहाच्या वेळी ती मला दाराशी गाठून म्हणाली, "काकू, मोठ्या काकू गोष्ट रंगवतात तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून बोलतात. आज हातांकडे बघत होत्या."

मला ती लहान बादली आठवली. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, झाकण घातलेली. कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे जाऊबाई थंड पाण्यात काहीतरी भिजत घालायच्या. मी म्हणायचे, "बोटं गळून पडतील, पाणी तापवून देऊ का?" त्या म्हणायच्या, "नको, गरम नको." इस्त्री करते मी, डागांचं मला सगळं ठाऊक, आणि तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मला राग आला. जाऊबाईंचा आला, माझा आला, त्या बादलीचासुद्धा आला.

घरी जाऊन मी काय करावं? पोरांना शहाणपण शिकवणारी मी, चप्पल काढायच्या आधी विचारलं, "तुमच्या अंगावरून जातंय का? कधीपासून? मला सांगितलं का नाही? उद्याच्या उद्या दवाखान्यात चला. खरं सांगा, किती जातं?"

एका दमात चार प्रश्न, वर एक हुकूम. थांबले एकालाही नाही.

जाऊबाईंचा चेहरा बंद झाला. "मला काय धाड भरलीय? गुडघेवालीला होतंय ते. नाटक आहे, तूच तर म्हणतेस." आणि आत निघून गेल्या. त्या आठवड्यात ताकास तूर लागू दिली नाही. बादलीही कोपऱ्यातून नाहीशी झाली. आमचे हे म्हणाले, "काय झालंय तुमच्यात?" मी म्हटलं, "काही नाही, तुम्ही जेवा." पुढच्या शनिवारी जाऊबाई म्हणाल्या, मी येत नाही, मला बरं वाटत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई बरं वाटत नाही म्हणाली, ते आजाराचं नाटक टाळायला.

मी भ्यायले होते. पाळी गेल्यावर परत लाल जायला लागलं की काय असू शकतं, ते आमच्या गल्लीतही माहीत आहे. असंच अंगावर काढून एक बाई गेली होती. जाऊबाईंशिवाय घर कसं असेल, याचा विचार मनात आला की मी भांडी जोरात घासायला लागायचे.

पोरांना एकेक घर वाटून दिलेलं होतं, आमचं घर टेबलफॅनकडे. ती आली तेव्हा मी तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं आणि सगळं ओकले. माझ्या प्रश्नांची फैरही सांगितली. ती म्हणाली, "काकू, आज मी बोलते. तुम्ही फक्त तिथे बसा."

"गप्प?"

"जमेल?"

"नाही," मी म्हटलं, "पण बसते."

जाऊबाई ओट्याशी शेंगा सोलत होत्या. टेबलफॅन त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि शेंगा सोलायला लागली. वही काढली नाही, पट्टा काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मोठ्या काकू, गुडघेवाली कशी आहे?"

जाऊबाईंचा हात थांबला. "बरी आहे."

"मला तिची काळजी लागून राहिलीय. त्या दिवशी मी तिला सांगायला हवं होतं ते राहिलंच. टाळ्या वाजल्या आणि राहून गेलं."

"काय सांगायचं होतं?"

"की असं जातं तेव्हा बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण कधी कधी साधं नसतं. आणि तेव्हा लवकर बघितलं तर सगळं काढून टाकता येतं, बाई बरी होते. उशीर केला तर अवघड होतं. तुम्ही तिला सांगाल?"

शेंगा फुटत राहिल्या. माझ्या तोंडात शब्द असे गर्दी करून उभे होते, की मी एक शेंग तशीच तोंडात कोंबली.

"ती नाही यायची," जाऊबाई म्हणाल्या. "तिला तिथे सगळ्यांसमोर विचारतात."

"कोणी विचारलं होतं?"

जाऊबाईंनी सांगितलं. खिडकी, बाक, पेपर खाली करणारा माणूस. सगळं गुडघेवालीच्या नावानं. टेबलफॅनचा चष्मा खाली घसरला, तो तिनं वर केला नाही.

"तिला बघायला बाईच असेल," ती म्हणाली. "मी मॅडमशी बोलून ठेवते. खिडकीतल्या माणसालाही आधी सांगते की फक्त नाव विचारा."

"आणि दार लावतील?"

मला वाटलं, आता ही हो म्हणून टाकेल. मी असते तर म्हटलं असतं. ती म्हणाली, "दार नाहीये, काकू. पडदा आहे. पण पडद्यापाशी मी उभी राहीन. कोणी आत येणार नाही."

जाऊबाईंनी सोललेले दाणे ताटलीत ओतले. टरफलं गोळा केली. मग म्हणाल्या, "तिला विचारून बघते." आणि त्या पोरीच्या हातावर मूठभर दाणे ठेवले.

दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "गुडघेवाली जाते म्हणाली. तिची जाऊ सोबत येईल का?"

"येईल," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. देवाशपथ, एवढंच.

दवाखाना आता नवा होता, पण बाक तसेच होते. भिंतीला लागून, माणसांनी गच्च. टेबलफॅननं खिडकीतल्या माणसाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, पण दैव असं खट्याळ, की नेमका त्या दिवशी तो रजेवर. खिडकीत दुसराच. त्यानं मान वर न करता मोठ्यानं विचारलं, "काय होतंय बाईंना?"

बाकावरची चार डोकी आमच्याकडे वळली. जाऊबाई एक शब्द न बोलता मागे फिरल्या आणि दाराकडे चालायला लागल्या. मी त्यांच्या मागे धावणार, तेवढ्यात टेबलफॅन खिडकीशी गेली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज मोठा होता. "ते आत विचारतात. इथे फक्त नाव विचारायचं."

त्यानं मान वर केली. "तू कोण? डॉक्टर आहेस?"

"नाही," ती म्हणाली. "मी यांची विद्यार्थिनी आहे."

जाऊबाई दारात थांबल्या. पाठमोऱ्याच थांबल्या. त्यांनी एक हात चौकटीला टेकवला होता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी सून म्हटलं, कुणी जाऊ, कुणी मोठी आई, लाँड्रीत कुणी नुसतंच 'ए डागवाली'. आपली कुणी विद्यार्थिनी असेल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्या हळूहळू परत आल्या आणि खिडकीशी उभ्या राहून आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, स्पष्ट.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. घाईत होती, पण चेहरा बरा होता. टेबलफॅननं पडदा ओढला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. पडदा तोकडा होता, खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. मी जाऊबाईंच्या शेजारच्या स्टुलावर.

"बोला, काय त्रास?"

"एक बाई आहे," जाऊबाईंनी सुरुवात केली. "भाजीची गाडी चालवते. तिला…"

पुढे शब्द येईनात. डॉक्टरीण गोंधळून कधी माझ्याकडे, कधी कागदाकडे बघायला लागली. तिनं पुढचं विचारायला तोंड उघडलं, तर पडद्याजवळून टेबलफॅननं हात किंचित वर केला. शिकणारी पोर ती, शिकवणारीला थांबवत होती. नोकरीत असती तर नोकरी गेली असती. पण डॉक्टरीण थांबली. मी जीभ दातांखाली धरून ठेवली, रक्ताची चव आली तरी सोडली नाही. मला कळत होतं, आत्ता मी बोलले की सगळं माझं होईल आणि जाऊबाईंचं काही उरणार नाही. जाऊबाईंनी माझा हात शोधला. थंड पाण्यात महिनोन्‌महिने भिजलेली ती बोटं खरखरीत झाली होती. मी ती घट्ट धरली.

"मला," जाऊबाई म्हणाल्या. "मला होतंय."

पुढचं सगळं डॉक्टर लोकांचं. तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. मी इस्त्रीवर दोन चादरी जाळल्या. उत्तर आलं. गाठ होती, वाईट जातीचीच होती, पण गर्भपिशवीच्या बाहेर पडली नव्हती. मॅडम स्वतः घरी येऊन म्हणाल्या, "वेळेवर आलात." पिशवी काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना जाऊबाई माझ्या पोरांना म्हणाल्या, "आईला त्रास देऊ नका," आणि मला म्हणाल्या, "तू पोरांना त्रास देऊ नकोस." मी हसले, आणि त्यांची गाडी दारातून आत गेली. भिंतीचा आधार घेऊन मी खालीच बसले. माझी माया किती होती ते मला त्या भिंतीशी कळलं, त्याआधी मला वाटायचं सवय आहे.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. बरं व्हायला वेळ लागला, पण जाऊबाई बऱ्या व्हायला लागल्या. मधल्या काळात मॅडमनी त्या खिडकीवाल्यांनाही आमच्या शनिवारात आणून बसवलं. आता तिथे फक्त नाव विचारतात. शिलाईवाली म्हणते, तिच्या खोकल्यापुढे तर त्यांनी हातच जोडले.

टेबलफॅन वॉर्डात पहिल्यांदा आली ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे आहे. जाऊबाई उशांना टेकून बसलेल्या, चेहरा उतरलेला, पण केस मी नीट विंचरून दिले होते. पोरगी स्टुलावर बसली. म्हणाली, "मोठ्या काकू, गुडघेवाली कशी आहे?"

जाऊबाई तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "गुडघेवाली गेली बघ. मी राहिले."

पोरीनं चष्मा काढला आणि तो पुसतच राहिली. मी पाण्याचा तांब्या उचलला, तो भरलेलाच होता, तरी भरायला म्हणून दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. डोळे पुसून झाल्यावर मला वाटलं वातावरण हलकं करावं, म्हणून मी म्हटलं, "पोरी, तुला माहितीये का, आम्ही तुझं नाव काय ठेवलंय?"

"टेबलफॅन," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं."

जाऊबाई हसल्या आणि हसताना टाके ओढले म्हणून पोट धरून 'आई गं' म्हणाल्या. पोरीच्या हातात पेन नव्हतं, खाली ठेवायला काहीच नव्हतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आणखी काही?"

ती थांबली. मीसुद्धा तांब्या हातात धरून थांबले.

"आणखी…" जाऊबाई म्हणाल्या. "अगं, गुडघे दुखतात. जिना चढताना. खरंच दुखतात गं, माझेच."

आणि त्या सांगायला लागल्या.